मागे काय सांडलं

दहिवर उडेपर्यंत काही करायचं नाही, जोमार.
अकरा वाजू देत.
मसुरीची शेंग दोन बोटांत दाबली की टचकन फुटली पाहिजे.
आत्ता ती नुसती वाकते.
वाकणाऱ्याशी या यंत्राचं जमत नाही.

तोवर कॉफी घे आणि हे वाच,
कॅबच्या डाव्या खांबावर, ऊन पोचत नाही तिथं,
माझ्या भावाची पेन्सिल:
गहू – हजार फेरे.
मसूर – चारशे, वर नाही.
जवस – पातं नवं, डोकं थंड.
ओस्ताप असाच लिहायचा, शब्द मोजून,
जणू त्यांचंही वजन काट्यावर होणार आहे.

यंत्र घेताना आम्ही भांडलो होतो,
डीलरच्या अंगणात, दोन यंत्रांच्या मधोमध उभं राहून.
त्याला हवं होतं झोडपणारं, जुन्या जातीचं:
काड अख्खं राहतं, गाईंखाली पसरता येतं.
मला हवा होता रोटर. घुसळतो, फोडत नाही.
गाई तर आम्ही केव्हाच विकल्या होत्या.
हे त्यालाही ठाऊक होतं.
विक्रेता बिचारा एकदा याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.
रोटर आला.
बर्फ पडायच्या आत ओस्तापनं त्याचा अर्धा वाटा मला विकला
आणि रेजायनाला जाऊन लोकांचे नळ दुरुस्त करू लागला.

असो. तुला शिकायचंय ते हे.
गहू ओंबी सोडत नाही, तिथं फट घट्ट ठेव.
जव म्हणजे न्हाव्याचं काम:
कूस गेलं पाहिजे, कातडं नाही.
साल निघालेला दाणा माल्टवाले नाकारतात,
अख्खा ट्रक परत येतो, आणि ड्रायव्हर तोंड फिरवून बसतो.
जवसाचं काड म्हणजे सुतळी, गुंडाळत जातं,
आणि दाणा इतका गुळगुळीत की खिळ्याच्या भोकातूनही गळतो.
आधी सगळीकडे टेप लाव. मग पुन्हा लाव.
मसुरीला मात्र सगळं ढिलं,
पातं जमिनीला घासत, दगडांशी गप्पा मारत.
ही डाळ जहाजात बसून जिथं जाते
तिथं मी कधी जाणार नाही.
कुणी बाई ती ताटात पसरून, खिडकीपाशी बसून निवडत असेल.
तिच्या बोटांना आपल्या शेतातला खडा लागता कामा नये.

आणि पडद्यावर विश्वास ठेवू नकोस.
पडदा हिरवाच असतो.
शंभर पावलं गेलास की यंत्र जागच्या जागी थांबव,
उतर, मागे जा, गुडघ्यांवर बस,
भूस बाजूला सार आणि टोपी ठेव.
टोपीखाली किती दाणे सापडले ते मोज.
लाज वाटून घेऊ नकोस. मीही मोजते.

नाही मोजलंस तर शेत मोजतं.
कापणीनंतर एक पाऊस झाला
की यंत्राच्या मागचा सगळा हिशेब उगवून येतो,
हिरव्या पट्ट्यांत, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता येईल असा.
गेल्या सप्टेंबरात माझे पट्टे दाट होते,
सरळ, एकामागून एक, क्षितिजापर्यंत.
फक्त पूर्वेकडचे सहा जवळजवळ कोरे.

त्या दिवशी ओस्ताप आला होता.
न विचारता कॅबमध्ये चढला, दुपारभर चालवलं,
आणि संध्याकाळी नळांच्या पाईपांनी भरलेली व्हॅन घेऊन निघून गेला.
जेवायलाही थांबला नाही.

मी फोन केला नाही.
पट्ट्यांचा फोटो काढून पाठवला.
दोन दिवसांनी उत्तर आलं:
पंखा पन्नासनं कमी कर.

केलाय.
खांबावर खाली माझ्या अक्षरात लिहिलंय ते,
बघ, तिथं, पेनानं.

आता एक शेंग तोडून आण.